कच्चा आहार: घसरण, नोंद व निवारण

माणसाला विस्तव सापडला आणि तिथेच त्याचं चुकलं. त्याआधी तो सुखात होता. झाडावरचं तोडत होता, जमिनीतलं उपटत होता, आणि जेवणानंतर भांडी कुणी घासायची यावरून त्याच्या घरात वाद होत नव्हते. विस्तवामागून तवा आला, तव्यामागून भाकरी, भाकरीमागून पोट आणि पोटामागून डॉक्टर. हा इतिहास आमच्या मंडळाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापला आहे. तो मीच लिहिला असल्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल मला तरी शंका नाही.

मंडळाचं पूर्ण नाव 'अग्निविरहित आहार प्रसारक मंडळ, नागापूर'. एमआयडीसीला लागून आमची कॉलनी आहे. एकूण घरं बेचाळीस, मंडळात सामील घरं नऊ, सभासद चौतीस (पैकी बारा शाळकरी असून त्यांचं मत विचारण्यात आलं नव्हतं). संस्थापक-अध्यक्ष श्री. कानिफनाथ हे एका कारखान्यात क्वालिटी तपासणीस आहेत. तयार माल हातात घ्यायचा, उजेडात धरायचा आणि 'नापास' म्हणून बाजूला टाकायचा, यात त्यांची वीस वर्षं गेली. मागच्या वर्षी त्यांनी कच्चं खाऊन अकरा किलो वजन घटवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत तत्त्वज्ञान भरलं.

मी बिभीषण, मंडळाचा सचिव. नोकरीत स्टोअरकीपर आहे. आयुष्यभर लोकांच्या सह्या घेत आलो, पण स्वतःचा शिक्का म्हणून कधी मिळाला नाही. कानिफनाथांनी तो करून दिला. गोल, निळ्या शाईचा, मधोमध गाजराचं चित्र. कच्चा आहार का स्वीकारला असं कुणी विचारलं तर मी आरोग्याचं कारण सांगतो. (शिक्का हे दुय्यम कारण.)

प्रवेशाची पद्धत अगदी सोपी होती. कुटुंबप्रमुखाने घरातल्या गॅसचा रेग्युलेटर काढून कानिफनाथांच्या कपाटात जमा करायचा आणि पावती घ्यायची. आमचा रेग्युलेटर क्रमांक चार. एकवीस दिवसांचा पहिला टप्पा जे कुटुंब एकाही घसरणीशिवाय पार पाडेल त्याला 'शून्य घसरण' ढाल, तीही गणपती मंडळाच्या मांडवात, माईकवरून नाव पुकारून. आमच्या घराण्यात आजवर कुणाचंही नाव माईकवरून पुकारलं गेलेलं नाही. अपवाद एकच, जत्रेत मी हरवलो होतो तेव्हाचा.

आता घसरण म्हणजे काय, ते सांगतो. मोठ्या कार्यात अडचणी यायच्याच. आमच्यात त्यांना अडचण म्हणत नाहीत, घसरण म्हणतात. चहा ही किरकोळ घसरण. वरण-भात मध्यम. मिसळ गंभीर. मटणाला वेगळा वर्ग ठेवलेला नव्हता, कारण त्यानंतर माणूस मंडळात परत येत नाही असा अनुभव होता.

पहिल्या आठवड्यात एकसष्ट घसरणी नोंदवण्यात आल्या. पैकी अठ्ठावन्न दुपारी चार ते सहा या वेळेतल्या होत्या, आणि उरलेल्या तीन एकाच सभासदाच्या होत्या, ते लग्नाला गेले होते. कारखान्यांच्या गेटसमोर भज्यांची गाडी लागते, तिथे तर एकाच संध्याकाळी मंडळाचे सात सभासद एकमेकांना भेटले. चौकशीत प्रत्येकाने सांगितलं, की आपण बाकीच्या सहा जणांना परत आणायला गेलो होतो. समितीने सातही जबाब ग्राह्य धरले. भज्यांच्या प्लेटा कुणी मागवल्या, त्याचा तपास चालू आहे.

घसरलेल्या सभासदाला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही. त्याने नमुना क्रमांक तीन भरून द्यायचा: काय खाल्लं, कुठे खाल्लं, गरम होतं की कोमट, आणि पश्चात्ताप खाताना झाला की खाऊन झाल्यावर. ('खाण्याआधी' असाही एक रकाना पहिल्या छपाईत होता. तो एकदाही भरला गेला नाही म्हणून काढला.) मग दोन साक्षीदारांसमोर एक गाजर घ्यायचं आणि प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा. साक्षीदार मोजतात. मध्येच कुणी हसलं तर पहिल्यापासून.

शरीराच्या तक्रारींसाठी वेगळा नमुना करण्याची गरज पडली नाही. त्या सगळ्यांना कानिफनाथांचं एकच उत्तर होतं. पोट फुगलं, तर घाण बाहेर पडतेय. डोकं दुखतं, घाण बाहेर पडतेय. एका सभासदाची बायको पोरांना घेऊन माहेरी निघून गेली, तेव्हाही ते हेच म्हणाले. तो सभासद त्यांच्याशी आता बोलत नाही.

या सगळ्यात एक घर मात्र शून्यावर उभं होतं, आणि ते माझं. मी, बायको धनश्री आणि वडील बन्सीआप्पा. तीन सभासद, शून्य घसरणी. मी रोज सकाळी तक्त्यावर शून्य लिहायचो आणि त्यावर शिक्का मारायचो. अशानं शून्यालासुद्धा वजन येतं.

आप्पांविषयी थोडं सांगायला हवं. वय एक्क्याऐंशी. सगळी हयात राहुरीकडे शेतात गेली, आई वारल्यावर आमच्याकडे राहायला आले. तोंडात एकूण चार दात, दोन वर आणि दोन खाली. पण वरचे डावीकडे आणि खालचे उजवीकडे, त्यामुळे त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. अशा माणसासाठी मंडळाच्या नियमावलीत तरतूद नव्हती. मी कानिफनाथांना विचारलं. ते म्हणाले, "गाजर किसून द्या." किसून दिलं. आप्पांनी ते तोंडात या गालातून त्या गालात फिरवलं, आणि काढून ताटात ठेवलं.

"बिभ्या," ते म्हणाले, "ह्ये गुराम्होरं टाक. ती रवंथ करत्यात, त्यान्ला जमंल. मला आपली भाकरी दे दुधात कुस्करून."

ही मागणी क्रमांक एक. मी ती वहीत घेतली. (कुठलीही मागणी नोंदवल्याशिवाय नाकारायची नाही, हा स्टोअरचा नियम आहे.) पाचव्या दिवशी मागणी क्रमांक सहा. मोड आलेली मटकी त्यांच्या वरच्या दातांत अडकली ती दोन दिवस निघाली नाही. कच्चं दूध सोसलं नाही. मग केळं कुस्करून द्यायचं ठरलं. सकाळी केळं, दुपारी केळं, संध्याकाळी केळं. आठव्या दिवशी आप्पांनी चहा मागितला, तो नाकारण्यात आला. दहाव्या दिवसापासून त्यांनी बाहेरच्या कट्ट्यावर बसणं बंद केलं. आधी रोज सकाळी आठ वाजता हातात चहाचा पेला घेऊन ते तिथे बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे, कोण कामाला उशिरा निघालंय ते मोठ्याने सांगायचे. आता आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वजन बावन्न होतं ते सत्तेचाळीसवर आलं. कानिफनाथांनी त्यांचं अभिनंदन केलं.

धनश्रीचा जीव तुटत होता. ती पहिल्या आठवड्यात गप्प राहिली, दुसऱ्यात भांडली. चौदाव्या दिवशी तिने मला सरळच विचारलं, "अहो, तुम्हाला ढाल पाहिजे का आप्पा पाहिजेत, तेवढं एकदा सांगा."

"सात दिवस राहिलेत फक्त," मी म्हणालो.

"त्यांचे का ढालीचे?"

मी तिला म्हटलं, एवढं वाटतं तर शेजारून आण एक भाकरी, मी पाहिली नाही म्हणतो. (सचिव म्हणून हे बोलणं योग्य नव्हतं, नवरा म्हणूनही फारसं नव्हतं.) त्यावर ती आणखीच भडकली. "मी जाऊ भाकरी मागायला? लोक काय म्हणतील? घरात सगळं असून सासऱ्याला उपाशी ठेवलं म्हणतील." आणि ते खरंच होतं, म्हणतील ते. म्हणून ती गेली नाही. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलेलंच होतं. मी मागणी क्रमांक सव्वीस 'प्रलंबित' म्हणून नोंदवली. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही.

माझ्यापुरती एकच तक्रार होती, केस गळायला लागले होते. भांग पाडला की फणी भरून यायची. कानिफनाथ म्हणाले, घाण बाहेर पडतेय. सतराव्या दिवशी कंटाळून मी न्हाव्याकडे गेलो आणि म्हटलं, सगळेच काढ. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मिशीवर बोट ठेवून डोळ्यांनीच विचारलं. म्हटलं, तीही गळतेच आहे, काढ. त्याने काढली. पैसे घेताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. मला वाटलं, आहाराची कीर्ती इथवर पोहोचलीय.

एकोणिसाव्या दिवशी रविवार होता. दुपारी बाराच्या सुमाराला दारात चपला काढल्याचा आवाज आला. पाहतो तर शेजारच्या खुर्शीदभाभी, त्यांच्यामागे समोरच्या आळीतल्या दोघी, त्यांच्यामागे आणखी चार-पाच पुरुषमाणसं. सगळ्यांचे चेहरे गंभीर. मी चटकन सतरंजी अंथरली. ढालीची बातमी फुटली असणार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. मंडळी भिंतीला टेकून बसली. एक गृहस्थ नुसताच माझा खांदा थोपटत राहिले. गौरवाच्या प्रसंगी लोक इतके गहिवरतात हे मला ठाऊक नव्हतं.

"कळवलं पण नाहीत, बिभीषणभाऊ," खुर्शीदभाभी म्हणाल्या. "मधे एक भिंत फक्त आपल्या. इतकं परकं समजलात?"

"तसं नाही भाभी. दोन दिवस अजून बाकी आहेत. मग सगळ्यांना रीतसर बोलावणारच होतो."

"दहाव्याचं म्हणतायत," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"फार त्रास झाला का हो?" एका गृहस्थांनी विचारलं.

"पहिला आठवडा झाला. मग हलकं हलकं वाटायला लागलं."

"सुटले म्हणायचं. आणि शेवटी शेवटी खाणं काय होतं त्यांचं?"

"केळं," मी म्हणालो.

"केळं!" समोरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

एवढ्यात रिक्षा थांबली आणि राहुरीच्या सुमनबाई आत्या, आप्पांची धाकटी बहीण, दारातूनच हंबरडा फोडत आत आल्या. "दादा रं! मला न भेटताच गेलास रं दादा! बारा दिस झालं, फोन न्हाई तुझा!" त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (डोक्यावर तो दोन दिवसांपासून पडतच होता.)

आमच्याकडची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. घरातलं माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले लोक आपापल्या घरून पिठलं-भाकरी घेऊन येतात, आणि दुःखातल्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय उठत नाहीत. आता कॉलनीने काय पाहिलं होतं ते पाहा. आमच्या घरातून दोन-अडीच आठवडे फोडणीचा वास नाही. (मंडळाचे बाकी सभासद रोज भज्यांच्या गाडीवर दिसत, त्यामुळे कच्चा आहार कुणी खरंच पाळत असेल असा संशय कुणालाच नव्हता.) दहा दिवस आप्पा कट्ट्यावर नाहीत. दोन दिवसांपूर्वी मुलगा डोकं-मिशी काढून आलेला. याउपर कुणाला सांगावं लागतं का? कुणाला न कळवता परस्पर उरकलं असेल, असं त्यांचं मत पडलं, त्यांनी आत्यांना फोन केला आणि बिचारे कामाला लागले. त्यांचं काहीही चुकलं नाही. पुराव्यावरून मीही तेच अनुमान काढलं असतं.

पितळी पातेल्यांची झाकणं निघाली. पातळ पिठलं, वर लसणाची फोडणी. ज्वारीच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या, अजून वाफ धरून. मिरचीचा ठेचा. एकोणीस दिवसांनी तो वास घरात आला, आणि मी उभ्या उभ्या दाराला धरलं. आता लोकांना खरं सांगायचं तर पातेली जशी आली तशी परत जाणार, आणि आप्पा कट्ट्यावर का येत नाहीत तेही सांगावं लागणार. म्हटलं, निदान ज्यांच्याबद्दल गैरसमज झालाय त्यांना तरी विचारावं. मी आतल्या खोलीत गेलो.

आप्पा खाटेवर उठून बसलेले. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांची पाठ भिंतीकडे होती.

"भायेर काय हाय रं?"

"लोक आलेत, आप्पा. तुम्ही गेलात असं वाटलंय त्यांना."

आप्पांनी थोडा विचार केला. "पिठलं पातळ हाय का घट्ट?"

"पातळ."

"मंग मी गेलोय म्हन."

"आप्पा, असं कसं म्हणू?"

"आरं, पोटात आग पडलीया माझ्या. घटकाभर मेलो म्हनून काय बिघडतंय? ताट हिकडं लावून दे. खाऊन झालं की येतो जित्ता." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हाताला मांस नव्हतं, नुसती हाडं होती. सत्तेचाळीस किलो हा आकडा मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, पण तो हात माझ्या मनगटाला लागेपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नव्हता. मी मान डोलावून बाहेर आलो.

बाहेर तोवर मंडळी वाढून बावीस झाली होती. त्यांत कानिफनाथही आले होते, झेंडूचा हार आणि मंडळाचा टाइप केलेला दुखवट्याचा ठराव घेऊन. त्यांच्यादेखत खुर्शीदभाभींनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्यासमोर धरला. "खा भाऊ. तुम्ही खाल्ल्याबगैर आम्ही उठत नाही."

मी कानिफनाथांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं. तो घास गरम होता, तिखट होता, आणि आत एक माणूस त्याच्यासाठी एकोणीस दिवस थांबला होता. मी ढसाढसा रडलो. आत्या म्हणाल्या, "रडू द्या त्येला. मोकळा होऊ द्या."

धनश्रीने एका शब्दानेही कुणाला काही विचारलं नाही. तिने ताट घेतलं, त्यात भाकरी कुस्करली, वर पिठलं ओतलं आणि "आप्पांचं पान आत ठेवते" म्हणाली. गेलेल्या माणसाचं पान वेगळं वाढायची पद्धत आहेच. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांनी ताट रिकामं बाहेर आलं. तिने ते पुन्हा भरलं. पुन्हा रिकामं. तिसऱ्या वेळी मंडळी एकमेकांकडे बघू लागली. "आत्मा फार भुकेला होता," एक वयस्कर गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले. यापेक्षा अचूक निदान कुठल्या डॉक्टरने केलं नसतं.

मग आतून ढेकर आली. मोठी होती. आणि तिच्यापाठोपाठ, ताट हातात धरून, खुद्द आप्पा दारात आले. "सुनबाई," ते म्हणाले, "ठेचा ऱ्हायला की गं."

पुढच्या दोन मिनिटांचं वर्णन मला करता येणार नाही. दुखवट्याचा ठराव कुणाच्या तरी पायाखाली गेला. आत्यांनी आधी किंकाळी फोडली, मग आप्पांच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्यांच्या गळ्यात पडून पहिल्यापेक्षा जास्त रडल्या. "मेल्या! जित्ता हाईस तर सांगायचं न्हाई व्हय?"

"तोंडात घास हुता," आप्पा म्हणाले.

खुर्शीदभाभी हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. त्यांनी आप्पांना ठेचा वाढला. धनश्री मात्र चप्पल घालून तडक कानिफनाथांच्या घरी गेली आणि कपाटातून रेग्युलेटर क्रमांक चार काढून घेऊन आली. मी पावतीचं काढलं, तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पावती मी स्वतःच फाडली.

पण मंडळाचं काम भावनेवर चालत नाही. त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली. विषय: सचिवांच्या घरी झालेल्या भोजनाला घसरण म्हणावं काय. तीन तास चर्चा झाली. पहिला मुद्दा असा निघाला, की दुःखाच्या घरी खाल्लेला घास हे जेवण नसून सामाजिक कर्तव्य आहे, त्यामुळे माझा घास माफ. प्रश्न आप्पांचा होता, कारण दुःखाचं कारण तेच होते. शेवटी कानिफनाथांनी मार्ग काढला. जेवते वेळी श्री. बन्सीआप्पा हयात नव्हते याला बावीस साक्षीदार आहेत. मृत व्यक्तीने खाल्लेलं अन्न मंडळाच्या कक्षेत येत नाही. सबब, घसरण शून्य. उरलेले दोन दिवस आमच्या घरी दुखवटा चालू आहे असं धरण्यात आलं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

या निर्णयाचे परिणाम समितीच्या अंदाजापेक्षा लवकर दिसू लागले. पुढच्या दोन आठवड्यांत मंडळाच्या उरलेल्या आठ घरांवर दुःखाचे डोंगर कोसळले. एकूण निधनं सतरा. चुलत मामा तीन, मावससासरे दोन, आत्याचे दीर चार, वगैरे. पारनेरच्या एक मावशी दोनदा वारल्या, आणि दोन्ही वेळा दुपारच्या जेवणाआधी. अंत्यविधी सगळे लांबचे, त्यामुळे जाता आलं नाही, पण चूल बंद ठेवून दुखवटा मात्र पाळला गेला. पिठलं-भाकरी येत राहिली. एका घरी तर शेजाऱ्यांना निरोप गेला, की पिठल्याऐवजी मुगाची आमटी झाली तर बरं, दिवंगतांना ती फार आवडायची. मंडळाबाहेरच्या घरांतल्या बायकांचे हात भाकरी थापून थापून दुखायला लागले. त्यांनी गेलेल्या माणसाचं नाव, गाव आणि फोटो विचारायला सुरुवात केली.

एका सकाळी कानिफनाथ आपल्या दाराच्या पायरीवर बसलेले दिसले. डोकं गुळगुळीत, मिशी नाही, नजर रस्त्याकडे. मी विचारलं, कोण गेलं? ते बराच वेळ आठवत राहिले.

त्या आठवड्यात उरलेले आठ रेग्युलेटर परत नेण्यात आले. (नववा कपाटात राहिला नव्हताच.) ढालीचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला, माईकवरून माझं नावही पुकारलं गेलं. ऐकू आलं नाही, कारण मी तेव्हा घरी आप्पांना दुधात भाकरी कुस्करून देत होतो.

सचिव या नात्याने अंतिम अहवाल लिहिणं माझं कर्तव्य आहे, म्हणून काही आकडे देतो. त्या रविवारी आलेल्या बावीस जणांचे जबाब मी नंतर घरोघर जाऊन घेतले. आप्पा कट्ट्यावर दिसत नाहीत हे बावीसपैकी एकोणीस जणांच्या पहिल्या दोन दिवसांतच लक्षात आलं होतं. काहीतरी बरंवाईट आहे अशी शंका सोळा जणांना आली होती. दहा दिवसांत दार वाजवून विचारणारे: शून्य. कारण विचारलं तर सगळ्यांनी सांगितलं, उगाच कशाला कुणाच्या घरात डोकवायचं. माणूस गेला अशी खात्री पटल्यापासून पहिली भाकरी पोहोचेपर्यंत लागलेला वेळ: चाळीस मिनिटं. एकूण भाकऱ्या एकतीस. माणूस भुकेला आहे अशी खात्री पटल्यापासून पहिली भाकरी पोहोचेपर्यंत लागलेला वेळ: एकोणीस दिवस. हा शेवटचा आकडा कॉलनीचा नाही, माझा आहे. खात्री फक्त मलाच होती, मी दहा फुटांवर राहत होतो, आणि सव्वीस वेळा ती शिक्क्यानिशी नोंदवली होती.

हे आकडे वाचून वाचकांना आमच्या मंडळाचं हसू आलं असेल. यायलाच हवं, आम्ही त्याच लायकीचे आहोत. मात्र अहवाल पुरा व्हायला तुलनेसाठी बाहेरच्या घरांची माहिती लागते, आणि त्यासाठी समितीने आपली निवड केली आहे. प्रश्न एकच आहे. आपल्या घरातलं जे सर्वांत वयस्कर माणूस, मग ते आतल्या खोलीत असो की गावाकडे, त्याने काल संध्याकाळी काय खाल्लं? उत्तर जागेवरून न उठता लिहावं. 'जरा विचारून सांगतो' हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.